‘तुमच्याकडे ओळख लागते का?’

पत्र: आम्ही पुण्यातून कथांचं त्रैमासिक काढतो, त्यातला एक दिवाळी अंक. गेल्या वर्षी दिवाळी अंकासाठी टपालाने, ईमेलने आणि व्हॉट्सअ‍ॅपवर मिळून ३००च्या आसपास कथा आल्या, छापल्या २२. वाचणारे आम्ही पाच जण, सगळे नोकरी सांभाळून. एका लेखिकेने अकरा महिने वाट पाहून फोन केला, तेव्हा तिची कथा कोणी वाचली हेच आम्हाला सांगता येईना. आणखी एकाने सरळ विचारलं, ‘तुमच्याकडे ओळख लागते का?’ आम्ही ओळखीने छापत नाही, पण ते पटवून कसं द्यायचं? नावं झाकून वाचावं असं आमच्यातल्या दोघांचं म्हणणं आहे. बाकीच्या तिघांना ते नाटक वाटतं. निवडीची पद्धत लेखकांवर अन्याय न करणारी कशी करावी?
– कार्यकारी संपादक, नारायण पेठ

उत्तर:

स. न. वि. वि.

ओळख लागते का, हे आधी स्वतःच तपासा. छापलेल्या २२ कथांची यादी समोर घ्या आणि प्रत्येकीपुढे लिहा: आपण मागवलेली, कोणीतरी ‘जरा बघा’ म्हणून दिलेली, की आपणहून आलेली. समजा १४ मागवलेल्या निघाल्या. मग खुल्या जागा उरल्या ८, आणि त्या ८ जागांसाठी ३०० कथा रांगेत होत्या. अंक हातात घेणाऱ्या नव्या लेखकाला मात्र २२ जागा दिसतात. त्याचा हिशेब तिथे चुकतो आणि संशय तिथूनच सुरू होतो.

कथा मागवण्यात गैर काही नाही. दिवाळी अंकांची परंपरा १९०९ सालच्या ‘मनोरंजन’ मासिकापासूनची, आणि नावाजलेल्या लेखकाकडून कथा मागवून घेणं हा या व्यवहाराचा जुना भाग आहे. विक्रेत्याच्या टेबलावर मुखपृष्ठावरच्या नावांनीच अंक उचलला जातो, हे तुम्हाला सांगायला नको. पण मग आवाहनातच लिहा: ‘या अंकात ८ कथा खुल्या आवाहनातून घेतल्या जातील. उरलेल्या निमंत्रित असतील.’ आणि लिहिलंत की ८ म्हणजे ८. एखाद्या मोठ्या लेखकाची कथा ऐन वेळी आली म्हणून खुल्या आठांतली एक कापायची नाही; पानं वाढवा, नाहीतर निमंत्रितांतली एक पुढच्या अंकाला ठेवा. संपादक मंडळातल्यांच्या स्वतःच्या कथा या आठांत येणार नाहीत, हेही त्याच आवाहनात असू द्या. जाहिरातदारांबद्दलचा नियम आवाहनात लिहायची गरज नाही, पण तुमच्यात तो ठरलेला हवा: पान ४चा रंगीत जाहिरातदार आपल्या मेहुण्याची कथा पाठवतो तेव्हा तीही क्रमांक घेऊन रांगेतच जाते.

आता ती अकरा महिन्यांची कथा. ती हरवली कारण तिला नोंदच नव्हती. पाच वाचकांचे पाच ईमेल, संपादकाचं वैयक्तिक व्हॉट्सअ‍ॅप आणि कार्यालयातला टपालाचा गठ्ठा, अशा सात ठिकाणी कथा पडत असतील तर हरवणारच. आवक नोंदवही एकच ठेवा, कागदी असो वा एक्सेलमधली. रकाने: क्रमांक, आल्याची तारीख, कशाने आली, शब्दसंख्या, पहिला वाचक, दुसरा वाचक, निर्णय, लेखकाला कळवल्याची तारीख. शेवटचा रकाना रिकामा असेपर्यंत ती कथा निकाली निघाली असं समजायचं नाही. कथा आली त्या आठवड्यात लेखकाला क्रमांक कळवायचा. टपालाने पाठवणाऱ्यांसाठी साधं पोस्टकार्डही चालतं.

संपादकाला साहित्य परिषदेच्या कार्यक्रमात कोणी हातात पाकीट दिलं किंवा रात्री साडेदहाला व्हॉट्सअ‍ॅपवर पीडीएफ टाकली, तर उत्तर एकच: ‘कार्यालयाच्या पत्त्यावर पाठवा.’ पाकीट घेतलंच तर दुसऱ्या दिवशी वहीत चढवा. ‘मी आधी नजर टाकतो’ म्हणून संपादकाने ते घरी नेलं की रांग मोडली.

नावं झाकण्याबद्दल. तुमच्या त्या दोघांचं ऐका. मराठीत पहिलं नाव बाई की पुरुष ते सांगतं, आडनावावरून जात आणि प्रदेश ताडले जातात, आणि ‘मु. पो.’नंतरची ओळ उरलेलं सांगते. एवढं कळल्यावर कथा कोरी वाचली जाते असं मानणं भाबडेपणाचं आहे. त्यात लेखक आपला परिचयही जोडतो: पुरस्कार, हुद्दा, कोणाच्या प्रस्तावनेसह संग्रह निघाला ते. पण उरलेल्या तिघांचा संशयही निराधार नाही. बहुतेक ठिकाणी नावं झाकली जातात ती वरवर, आणि मग ते खरंच नाटक होतं.

झाकण्याचं काम एकाच माणसाकडे द्या, आणि त्या अंकासाठी त्याने कथा वाचायच्या नाहीत. त्याने काय काय पाहायचं ते नीट सांगा. टपालाच्या कथेत नाव पहिल्या पानावर असतंच, पण शेवटच्या पानावर सहीखाली गाव आणि तारीखही असते, आणि बरेच जण प्रत्येक पानाच्या तळाशी मोबाइल नंबर लिहितात. फोटोकॉपी काढताना त्या जागी कोरी पट्टी ठेवावी लागते. वर्डच्या फाइलीत मजकुरातून नाव काढलं तरी फाइलीच्या माहितीत ‘ऑथर’पुढे ते राहतं, वर्डमधल्या ‘डॉक्युमेंट इन्स्पेक्टर’ने ते काढा आणि कडेच्या शेऱ्यांतली नावंही बघा. पीडीएफलाही हीच खोड आहे. फाइलीचं नाव बदलून फक्त क्रमांक ठेवा, नाहीतर ‘जोशी कथा अंतिम २’ अशी फाइल वाचकाकडे जाते.

गूगल फॉर्मवर कथा मागवायचा विचार असेल तर दोन गोष्टी लक्षात घ्या. फाइल चढवायला लेखकाला गूगल खात्यात शिरावं लागतं, त्यामुळे खातं नसलेले ज्येष्ठ लेखक बाहेर राहतात. आणि चढवलेल्या फाइलीच्या नावाला गूगल त्या खातेदाराचं नाव आपणहून जोडतं. फॉर्मच्या मागचं फोल्डर वाचकांना जसंच्या तसं उघडून दिलंत तर झाकलं काहीच नाही.

फॉन्टची भानगड वेगळी. श्रीलिपी किंवा कृतीदेवमध्ये टाइप केलेली कथा तुमच्या संगणकावर इंग्रजी अक्षरांचा कचरा म्हणून उघडते. ती कन्व्हर्टरमधून युनिकोडमध्ये आणली की हमखास दोन ठिकाणी मोडते: पहिली वेलांटी आणि रफार. कारण जुन्या फॉन्टांत ही चिन्हं दिसतात त्या क्रमाने टाइप होतात, युनिकोडमध्ये उच्चाराच्या क्रमाने साठवली जातात. मोडकी प्रत तशीच वाचकाकडे गेली तर वाचक लिहितो, ‘लेखकाला शुद्धलेखनाची जाण नाही.’ दोष कन्व्हर्टरचा आणि शिक्षा लेखकाला. रूपांतरित कथेचं किमान पहिलं पान मूळ प्रतीशी ताडून, मोडतोड सुधारूनच पुढे पाठवा.

हस्तलिखितांचा पूर्ण तोडगा नाही. ३०० कथा टाइप करून घेणं परवडणार नाही, आणि वाईट अक्षराचा राग वाचक कथेवर काढतो. अंतिम फेरीत पोचलेली हस्तलिखितं तरी टाइप करून घ्या, म्हणजे बैठकीत सगळ्या कथा एकाच रूपात समोर येतील.

पुण्यात आणखी एक अडचण येईल: वाचक लेखकाला ओळखेल. कथा कुठल्यातरी अभिवाचनात ऐकलेली असते. वाचकाने ‘ओळखली’ एवढं लिहून ती परत करायची, कारण विचारायचं नाही. आणि निर्णय वहीत लिहून झाल्यावरच नावं उघडा. संपादकाला नाव कळावं लागतंच. तोच लेखक लागोपाठ तीन अंकांत नको, हे त्यालाच बघायचं असतं. फक्त ते शेवटी.

नाव झाकलं तरी भाषा झाकली जात नाही. वऱ्हाडी, अहिराणी किंवा मालवणी संवादांची कथा उघडली की लेखक कुठला ते पहिल्या परिच्छेदात कळतं, आणि पेठांमधला कान तिथेच ‘भाषा कच्ची’ असा शेरा मारतो. साहित्य महामंडळाच्या लेखनविषयक नियमांतही पात्राच्या तोंडचे उच्चार जसेच्या तसे लिहायला मुभा आहे. महामंडळाहून कडक होण्याचं कारण नाही. वाचकाच्या नोंदपत्रावर ‘शुद्धलेखन’ हा रकानाच ठेवू नका. ऱ्हस्व-दीर्घ बघायला मुद्रितशोधक आहे, आणि त्याचे पैसे तुम्ही देताच. शिवाय पाचही वाचक सदाशिव पेठ ते कोथरूड या पट्ट्यातले असतील तर दोन बदला. वाचन ईमेलवर चालतं, वाचक अकोल्यात किंवा धुळ्यात बसूनही वाचू शकतो.

वाचायला वेळ किती लागतो याचा हिशेब क्वचित कोणी मांडतो. प्रत्येक कथा दोघांनी वाचायची तर ३०० कथांची ६०० वाचनं, पाच जणांत प्रत्येकी १२०. अडीच-तीन हजार शब्दांची कथा वाचून दोन ओळींची नोंद करायला २० मिनिटं धरा. म्हणजे प्रत्येकी ४० तास. दहा आठवड्यांत आठवड्याला ४ तास, १२ कथा. नोकरी सांभाळून हे जमतं, पण रविवारी दुपारी बारा कथा सलग वाचल्यात तर शेवटच्या चारांना तुम्ही न्याय देत नाही. एका बैठकीत चार-पाच, बस.

हेही जमणार नसेल तर आवक कमी करा: वर्षभर खुलं दार न ठेवता सहा आठवड्यांची मुदत, एका लेखकाची एकच कथा, ४००० शब्दांची मर्यादा. ‘पहिल्या २०० कथाच स्वीकारू’ हा मार्ग मात्र टाळा. त्यात ईमेलवाला पहिल्या दिवशी पोचतो आणि टपालावर अवलंबून असलेला बाहेर राहतो. मुदत मोजताना टपालाचा शिक्का धरा, पोचल्याची तारीख नको.

कथा वाटताना आल्या त्या क्रमाने वाटू नका. शेवटच्या दोन दिवसांत ढीग येतो आणि तो दमलेल्या वाचकांच्या वाट्याला जातो. क्रमांकांच्या चिठ्ठ्या करून वाटा, आणि वाचकांच्या जोड्या दर आठवड्याला बदला. तेच दोघे कायम एकत्र वाचत राहिले की महिन्याभरात त्यांचं एकच मत होतं. सुरुवातीला पाचही जणांनी जुन्या अंकांच्या वेळच्या त्याच पाच कथा, दोन छापलेल्या आणि तीन नाकारलेल्या, नावांशिवाय वाचून मतं ताडून बघा. सगळ्यांची आवड एक व्हावी म्हणून हे करायचं नाही. कोण हात आखडून मत देतो आणि कोण सढळ, ते सगळ्यांना कळावं एवढ्यासाठीच.

आणि दहापैकी गुण देणं बंद करा. एका कथेला ६ आणि ६ मिळाले, दुसरीला ९ आणि ३. सरासरी दोघींची ६. प्रत्यक्षात पहिली कथा कोणालाच खटकली नाही आणि कोणालाच हवीहवीशी वाटली नाही. दुसरीसाठी एक जण भांडायला तयार आहे. सरासरीने निवडलेल्या अंकात पहिल्या जातीच्याच कथा भरतात, आणि मग तुम्हीच म्हणता की यंदा अंक सपक झाला. गुणांऐवजी चार शेरे ठेवा: ‘छापाच’, ‘विचार करू’, ‘नको’, ‘मला कळली नाही’. दोघांचा ‘नको’ असेल तर कथा नाकारली. एकाचाही ‘छापाच’ असेल तर ती थेट अंतिम बैठकीत, दुसऱ्याचं मत काहीही असो. उरलेल्या तिसऱ्या वाचकाकडे. ‘छापाच’ मात्र प्रत्येक वाचकाला अंकामागे सहाच, म्हणजे बैठकीत त्या मार्गाने तीसच्या वर कथा येत नाहीत आणि शेरा जपून वापरला जातो. ‘मला कळली नाही’ हा चौथा शेरा काही जणांना लिहायला जड जातो, तरी तो असू द्या. नाहीतर न कळलेल्या कथा ‘नको’मध्ये जातात.

कथा अर्धवट सोडायची मुभा वाचकाला असावी, नाहीतर चाळीस तासांचे साठ होतात. पण किमान तीन पानं वाचून, आणि ‘पान ४ वर सोडली’ असं लिहून. दुसऱ्या वाचकाला पहिल्याचा शेरा दिसता कामा नये. सामायिक गूगल शीटमध्ये तो दिसतोच, म्हणून शेरे थेट नोंद ठेवणाऱ्याकडे पाठवायचे. वाचकांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर ‘१४७ वाचली का, भयंकर आहे’ असं एकदा पडलं की त्या कथेचं दुसरं वाचन झालंच नाही असं समजा.

निर्णय कधी कळवता यावर लेखकाचं सगळ्यात मोठं नुकसान अवलंबून असतं. ‘कथा अन्यत्र पाठवलेली नसावी’ असं तुम्ही लिहिता आणि खाली ‘पसंत पडल्यासच कळवू’. म्हणजे लेखकाने कथा अडकवून ठेवायची, पण किती दिवस ते सांगायचं नाही. बरेच दिवाळी अंक जुलै-ऑगस्टपर्यंत भरून गेलेले असतात. तुमचं मौन सप्टेंबरपर्यंत टिकलं तर त्या कथेचं वर्ष गेलं. एक तर कथा इतरत्र पाठवायला परवानगी द्या, फक्त तिकडे स्वीकारली गेल्यास लगेच कळवायची अट घाला. किंवा ९० दिवसांची हमी द्या आणि लिहा, ‘मुदत संपल्यावर आमचं उत्तर आलं नसल्यास लेखकाने कथा मोकळी समजावी, विचारण्याची गरज नाही.’ १ फेब्रुवारी ते १५ मार्च कथा मागवा, मेअखेर वाचन, १० जूनपर्यंत अंतिम बैठक. दोन ‘नको’ मिळालेल्यांचे नकार त्या त्या आठवड्यातच पाठवा, जूनसाठी साठवू नका. अंतिम बैठकीपर्यंत पोचणार असलेल्यांना ‘तुमची कथा अजून विचारात आहे’ असं ९० दिवसांच्या आत कळवा आणि जूनची तारीख द्या. थांबायचं की नाही ते त्यांनी ठरवावं.

नकाराचं पत्र तीन ओळींचं पुरतं: ‘क्र. १४७, कथेचं नाव अमुक. दोन वाचकांनी वाचली. या अंकासाठी घेत नाही. कथा आपण अन्यत्र पाठवू शकता.’ ‘जागेअभावी’ हा शब्द खरा असेल तरच लिहा, नाहीतर लेखक तीच कथा पुढच्या अंकाला पुन्हा पाठवतो. ‘सत्यकथा’ मासिकाचे संपादक श्री. पु. भागवत आणि राम पटवर्धन लेखकांना सविस्तर पत्रं लिहीत, हे ऐकून प्रत्येक नव्या संपादकाला तसं करावंसं वाटतं. ३०० जणांना ते जमणार नाही, आणि जमवू पाहिलंत तर पत्रं ऑक्टोबरमध्ये जातील. अंतिम बैठकीत अडलेल्या वीस-बावीस कथांनाच चार ओळी लिहा आणि त्यात जागा दाखवा: कुठल्या पानापासून वाचकाची पकड सुटली, कुठलं पात्र अर्धवट राहिलं. आणि नीट पत्रं लिहिली की तक्रार उरत नाही अशा भ्रमात राहू नका. त्याच ‘सत्यकथे’ची १९६९ मध्ये तरुण लेखकांनी होळी केली होती.

‘शेवट बदलून द्या’ असं सांगताना बदलल्यावर काय होईल तेही सांगा. ‘पुन्हा वाचू, पण छापूच असं नाही’ असं असेल तर तसं लिहा. लेखक पंधरा दिवस घालवतो आणि मग नकार येतो, याचा राग कायमचा राहतो.

यंत्राकडून लिहून घेतलेल्या कथांचा प्रश्न तुम्ही विचारला नाहीत, पण येईल. अमेरिकेतल्या ‘क्लार्क्सवर्ल्ड’ या विज्ञानकथा मासिकाला फेब्रुवारी २०२३ मध्ये अशा कथांच्या लोंढ्यामुळे काही काळ कथा स्वीकारणंच थांबवावं लागलं होतं. तुम्ही आवाहनात एका ओळीचं हमीपत्र मागा. ओळखून देणाऱ्या संगणकीय चाचण्यांवर मराठीत कोणाला दोषी ठरवू नका. शंका आली तर लेखकाला फोन करून कथेबद्दल दहा मिनिटं बोला.

आता निवडलेल्या कथांचं. ‘प्रसिद्ध साहित्याचे सर्व हक्क संपादकांकडे’ ही पानाखालची ओळ काढून टाका. कॉपीराइट कायदा १९५७च्या कलम १९प्रमाणे हक्क द्यायचे तर लेखकाच्या सहीचा लेखी करार लागतो. त्यात मुदत लिहिली नसेल तर पाच वर्षं आणि प्रदेश लिहिला नसेल तर भारत, एवढंच धरलं जातं. तुम्हाला हवं असतं ते एकदा छापण्याचं, फार तर ई-अंकाचं. तेवढंच अर्ध्या पानावर लिहून सही घ्या आणि त्यावर मानधनाची रक्कम व तारीख घाला. मानधन देता येत नसेल तर आवाहनातच सांगा. कथेबरोबर वर्गणी मागणं मात्र कुठल्याही परिस्थितीत नको.

संपादनात एखादं वाक्य सुधारणं वेगळं आणि शीर्षक बदलणं किंवा शेवटचा परिच्छेद उडवणं वेगळं. पान कमी पडतं म्हणून डीटीपीवाल्याच्या शेजारी उभं राहून कापलेली ओळसुद्धा लेखकाला अंक उघडल्यावरच कळते. पानं लागल्यानंतरची पीडीएफ लेखकाला पाठवा, चार दिवस द्या, आणि चार दिवसांत उत्तर आलं नाही तर एकदा फोन करा. लेखकाची प्रत बाइंडरकडून पहिला गठ्ठा आला त्याच दिवशी कुरिअरला द्या. दिवाळीच्या आठवड्यात कुरिअरवाले तुंबलेले असतात.